बापाची ओळ

आमच्या मळ्यात त्या वर्षी मक्याच्या कणसांना कागदाच्या पिशव्या घातल्या होत्या. वारा सुटला की सगळं रान वाजायचं. पानांची सळसळ वेगळी आणि ही वेगळी. दिवाळीच्या गर्दीत अप्पा दुकानात पुड्या बांधायचे तेव्हा व्हायचा तसला कोरडा, कागदी आवाज होता तो. तेलगावच्या रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची आणि पुढच्या गावात जाऊन सांगायची की वाण्यानं मक्याला टोप्या शिवल्यात. माझा धाकटा भाऊ सोमा बांधावर बसून तो आवाज ऐकायचा. वारा पडला की तो रुसायचा आणि ओठांनी फुर्र फुर्र करून वाऱ्याला बोलवायचा. अजूनही कुठं लग्नाच्या मांडवात पताका वाजल्या तरी मला आधी सोमा आठवतो, आणि मग आईचा पिवळी धूळ बसलेला पदर.

घर म्हणजे पुढं दुकान, मधे एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. अप्पांचं किराणा दुकान लहानच, पण त्या दिवसांत त्यात सारखं काहीतरी नवं येऊन लटकायचं. शांपूच्या पुड्यांच्या माळा, पाकिटातलं मीठ, थंड पेयाच्या बाटल्यांचं लाल खोकं. पाकिटातलं मीठ घेणार कोण, असं आत्या म्हणायची, आणि बघता बघता खड्याच्या मिठाचं पोतंच दुकानातून गेलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माघारी आली ती घराची मालकीण झाली. किल्ल्या तिच्या कमरेला, दुधाचं पातेलं तिच्या नजरेखाली. ती वाईट नव्हती. सोमाला दुधात भाकरी कुस्करून तीच भरवायची, आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसायची. पण पुसता पुसताच म्हणायची, "आमच्या घराण्यात असलं न्हवतं बाई कुणी. हे तिकडचं." तिकडचं म्हणजे आईच्या माहेरचं. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची. त्या वाक्यानं तिचा हात कधी थांबला नाही. मी लहानपणापासून ते वाक्य आणि भाकरीचा थपथप आवाज एकत्रच ऐकत आले, त्यामुळे कितीतरी दिवस मला ते बोलणं म्हणजे स्वयंपाकाचाच एक भाग वाटायचा.

सोमाचे डोळे तिरपे, बोटं आखूड आणि लोण्यासारखी मऊ. त्याला चारदोनच शब्द यायचे. जरा पळाला की ओठ निळे पडायचे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की पोरगं असंच राहणार, काळीज कमजोर आहे, जपा. असं कशामुळं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्यातलं कुणी विचारलंही नाही. मला चौथीनंतर शाळेतून काढलं ते त्यालाच सांभाळायला. पुढं मला बघायला पाहुणे येऊ लागले तेव्हा ते पोहे खायचे, सोमाकडं बघायचे, आणि आत्या घाईघाईनं सांगायची की आमच्या रक्तात काही नाही, हे तिच्या आईकडून आलंय. तिला वाटायचं, घराचं नाव राखलं. पाहुण्यांना मात्र वाटायचं की मग ही पोरगी कुणाची? पाहुणे निरोप कळवतो म्हणून जायचे. आई रिकाम्या बशा गोळा करायची. अप्पा दुकानात जाऊन बसायचे. कुणाच्याच बाजूनं ते कधी बोलले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा होता, आणि माझाही त्यांच्यावरच गेला आहे.

शैलाताई आली ती मृग लागायच्या बेतात. आईच्या मावसबहिणीची मुलगी, शेतकीच्या मोठ्या कॉलेजात शिकत होती. एवढी मोठी होऊन लग्नाविना शिकणारी बाई आमच्या नात्यात दुसरी नव्हती. एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या हातात फळांची असते तशी लाकडी पेटी होती आणि पेटीत मक्याची बोटाएवढी रोपं, प्रत्येक रोप काळ्या पिशवीत. काही रोपांना लाल दोरा बांधलेला. आमच्या शिवारात कापूस, ऊस आणि ज्वारी. मका कुणी लावत नसे. तिला तेच हवं होतं, कारण मक्याच्या तुऱ्यातली धूळ, म्हणजे पराग, वाऱ्यानं लांबवर जाते आणि परक्या मक्यात मिसळते. अप्पांनी विहिरीजवळचा तुकडा तिला दिला. लाल दोऱ्याची रोपं जरा खुजी, पानं अरुंद. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली की ही आजारी दिसतात. ताई म्हणाली, आजारी नाहीत मावशी, यांच्यात एक जास्तीचं आहे.

जास्तीचं काय, ते तिनं आम्हाला त्या आठवड्यात स्वयंपाकघरात दाखवलं. भाजलेल्या डाळींच्या येसराची आमटी उकळत होती, आत्या लसूण सोलत होती, सोमा माझ्या मांडीला टेकून बसला होता. ताईनं परात पुढं ओढली आणि काडेपेटी रिकामी केली. काड्यांच्या दहा जोड्या मांडल्या. म्हणाली, मक्याच्या कणाकणात असे धागे असतात, गुणसूत्रं म्हणतात त्यांना. प्रत्येक जोडीतला एक आईकडून, एक बापाकडून. लाल दोऱ्याच्या झाडात एका जोडीत तिसरा आहे. असं म्हणून तिनं एका जोडीशेजारी एक काडी ठेवली. सोमानं हात पुढं करून नेमकी तीच काडी उचलली आणि तोंडात घालायला लागला. आम्ही हसलो. ताईही हसली, आणि त्या हसण्यातच बोलून गेली की आपल्या सोमाचंही असंच आहे, माणसांत जोड्या जास्त असतात एवढंच, पण त्याच्यातही एक जास्तीचं आहे म्हणून तो असा आहे.

घरात पहिल्यांदाच कुणीतरी सोमाच्या असण्याला कारण सांगितलं होतं. आमटी उतू जायला आली तरी कुणी उठलं नाही. आत्यानं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"आन ते जास्तीचं येतं कुठनं?" तिनं विचारलं.

ताईच्या डोक्यात मका होता. आता या वयात मला ते कळतं. जो आपल्या कामात बुडालेला असतो त्याला समोरच्या प्रश्नातही आपलंच काम दिसतं. ती म्हणाली की बापाकडची धूळ कणसाच्या केसातून खाली पळत जाते. जिच्या अंगावर जास्तीचं ओझं ती मागं पडते आणि हलकी आधी पोचते. आईकडचं बीज जागेवरच बसलेलं, त्याला पळायचं नसतं. म्हणून ते ओझं तिथं राहून जातं.

"म्हणजे आईकडनं," आत्या म्हणाली.

"मक्यात तरी आईकडनंच. बापाकडनं जवळजवळ नाहीच."

भाकरीचा आवाज थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबला. आत्या आईकडं बघून सावकाश म्हणाली, "बग सुमन. मी म्हणत होते तवा तुला वाईट वाटायचं. आता पुस्तकात बी तेच हाय."

ताईनं परात मागं ओढली. "आत्या, मी मक्याचं बोलतेय," ती म्हणाली.

"मका काय आन मानूस काय, बी ते बी."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. तिनं ती आपल्या ताटात घेतली. मग ताईकडं न बघताच विचारलं, "बापाकडनं येतच न्हाई, हे तू सोताच्या डोळ्यानं बगितलंस का?"

"नाही मावशी. तेच बघायला आलेय. पण निघेल असं वाटत नाही."

"मंग बगू," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आई मळ्यात ताईबरोबर काम करू लागली. ताईच्या कामात दोन प्रकारच्या ओळी होत्या. एकीत लाल दोऱ्याच्या झाडांची कणसं ठेवून त्यांच्यावर साध्या झाडांची धूळ टाकायची. दुसरीत उलटं, कणसं साध्या झाडांची आणि धूळ लाल दोऱ्याच्या तुऱ्यांची. पहिलीला आम्ही आईची ओळ म्हणायला लागलो आणि दुसरीला बापाची ओळ. ताई कधी कॉलेजात गेली की सगळं आमच्यावर असायचं. कणसाचे केस बाहेर यायच्या आधी त्याला तेलकट कागदाची पिशवी चढवायची. तुऱ्याला संध्याकाळी खाकी पिशवी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर ती हलकेच झटकायची. पिशवीच्या तळाला हळदीपेक्षा फिकी धूळ जमायची. ती केसांवर टाकून कणीस लगेच झाकायचं. आई बापाच्या ओळीत मला हात लावू द्यायची नाही. ती ओळ तिची एकटीची. धूळ टाकताना ती श्वास रोखून धरायची, आपल्या श्वासानंही काही उडू नये म्हणून. एकदा पिशवीची घडी घालता घालता स्वतःशीच म्हणाली, "जी जाग्यावर बसलीय, समदं तिच्यावरच." माझ्याकडून तिला काही ऐकायचं नव्हतं.

माझी लेक आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या पहिल्या खेपेच्या वेळी भीत भीत मी तिला सोमाबद्दल विचारलं. ती म्हणाली, माणसांत ते बऱ्याचदा आईच्या बीजातून येतं, कधीकधी बापाच्याही. पण आई, ते आपोआप घडतं, त्यात कुणाचा दोष नसतो, आणि मका काही माणसाचा साक्षीदार नाही. किती सोपं होतं ते. पण आमच्या घरात तेव्हा प्रश्न एवढाच होता की कुणाकडनं, आणि आईला उत्तर मिळायची एकच जागा ठाऊक होती, ती ओळ. मी लेकीला बरं म्हणाले आणि आत जाऊन बसले. आई जाऊन तेव्हा तीन पावसाळे झाले होते.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा ताई आपल्या गावी गेली होती. आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं धान्याच्या राशी आणि ओली कणसं मांडतात. आत्या दरवर्षी बाजारातून कणसं आणायला लावायची. त्या वर्षी घरच्याच मळ्यात मका, तोही पिशवीत झाकलेला. वाऱ्याचा, पाखराचा, कुणाच्या बोटाचा स्पर्श नाही. आत्याच्या मनात आलं की हा तर सोवळ्यातला मका, देवीसाठीच झाकून ठेवल्यासारखा. ती अंघोळ करून, ओलेत्यानं, दुरडी घेऊन मळ्यात गेली. मी सोमाला घेऊन मागोमाग गेले तोवर तिनं आईच्या ओळीतली कितीतरी कणसं मोडून, कागद फाडून दुरडीत घातली होती. सोमानं कागद गोळा करून डोक्यावर टोपी घातली. आत्या दुसऱ्या ओळीकडं वळली तेव्हा विहिरीकडून आई आली. तिच्या हातातली घागर तिनं खाली ठेवली नाही, तशीच कमरेवर घेऊन ओळीपुढं उभी राहिली.

"वन्सं, हिला हात लावू नका."

"देवीचं हाय, सुमन."

"देवीला म्हणाव माझ्या घरात ये आन मला ने. ही ओळ न्हाई."

आत्या तिच्याकडं बघत राहिली. तिच्या ओल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. आईनं नणंदेला उलटून बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत्या दुरडी घेऊन निघून गेली. ती कणसं महालक्ष्म्यांपुढं मांडली गेली, आणि आईनंच त्यांना हळदीकुंकू लावलं. ताई परत आली तेव्हा मक्याची कणसं मोडलेली ताटं बघून बांधावरच बसली. म्हणाली, असू दे, या ओळीत अजून पुष्कळ कणसं उरलीत. मग बापाच्या ओळीकडं बघून विचारलं, ही कशी वाचली? मी सांगितलं. तिनं डोळे पुसले, पण आईपुढं त्याचा विषय काढला नाही.

कणसं वाळली. ताईनं दाणे काढून कापडी थैल्यांत भरले. आता ते ओल्या कागदावर उगवायचे, मुळाचं टोक कापायचं आणि यंत्राखाली धागे मोजायचे, असं तिनं सांगितलं. आईनं बापाच्या ओळीची थैली स्वतः शिवली होती, जुन्या खणाची. निघताना ताईनं सांगितलं की जे असेल तेच मी सांगेन मावशी, बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही. आई म्हणाली, तेच पायजे.

संक्रांतीनंतर थंडी पडली आणि सोमाला खोकला झाला. आधी आत्याचा काढा, मग गावातलं इंजेक्शन. मग अप्पांनी तेलगावहून जीप आणली. त्याला गोधडीत गुंडाळून आई मागं बसली, मी तिच्याशेजारी. तो माझ्याकडं बघून फुर्र फुर्र करायचा प्रयत्न करत होता. मला वाटलं, खेळतोय. वाऱ्याला बोलवत होता तो. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा त्याची बोटं गार झाली होती.

आमच्यात पुरतात. मळ्याच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडं जागा खणली. त्याला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती, पुढं बेलाची पानं. आत्यानं कनवटीचं काहीतरी काढलं. मक्याची तेलकट कागदाची एक पिशवी होती, घडी घातलेली. ती तिनं त्याच्या हातात दिली, बोटं मिटवून. तिच्याजवळ ती कधीपासून होती, कुणास ठाऊक. मग ती जमिनीवर आडवी होऊन रडली, आणि रडतानाही म्हणालीच, "तिकडचं आलतं माझ्या लेकराच्या अंगात." आई रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसतं लक्ष देऊन ऐकल्यासारखं होतं. पुढचे कितीतरी दिवस ती तशीच होती. भाकरी व्हायच्या, आमटीला येसर लागायचा, दुकानात पुड्या बांधल्या जायच्या. फक्त दुधाच्या पातेल्यातलं दूध उरायचं आणि आत्या ते विरजायची.

ताई आली ती उन्हाळ्यात, जेवणाच्या वेळेला. परीक्षा होती म्हणून तिच्या आईनं तिला सोमाचं कळवलं नव्हतं. ती हसतच स्वयंपाकघरात आली आणि पिशवीतून रंगीत कागदाचा भिरभिरा काढून सोमाला हाक मारली. अप्पा जेवत होते, त्यांनी घास ताटात ठेवला. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. ती दाराशीच खाली बसली, भिरभिरा हातात धरून. मी तिला पाणी दिलं. ते ती प्यायली नाही.

आई चुलीपुढून उठली आणि तिच्यासमोर येऊन बसली. हाताला पीठ तसंच होतं.

"काय निघालं?"

"मावशी, आत्ता नको."

"सांग. तेवढंच र्‍हायलंय."

ताई खाली बघत म्हणाली, "आईच्या ओळीत पुष्कळ निघाली. बापाच्या ओळीत नाही निघाली." आईचे डोळे मिटले. "एक निघालं," ताई म्हणाली. "सगळ्या थैलीत एकच. मी पुन्हा पुन्हा मोजलं मावशी. सरांनाही दाखवलं. आहे ते. जास्तीचं आहे त्याच्यात."

"बापाकडनं?"

"बापाकडनंच. दुसरीकडनं यायला वाट नाही त्याला."

आईनं मान वळवली. आत्या सुपात तांदूळ निवडत होती. "वन्सं," आई म्हणाली, आवाज अगदी साधा, मीठ कुठंय विचारावं तसा, "बापाकडनं बी येतं म्हणं."

आत्यानं सुपातून डोकं वर काढलं नाही. खडा बाजूला टाकत म्हणाली, "एवढ्या थैलीत एक. एकानं काय व्हतंय?"

तेव्हा अप्पा बोलले. ते ताटाकडं बघत होते.

"आपला बी एकच होता, आक्का."

सुपातला हात थांबला. आत्यानं पदर तोंडाला लावला. 'हे तिकडचं' हे वाक्य त्या घरात नंतर कधीही कुणी म्हटलं नाही. अप्पांनी हात धुतले, दुकानात न जाता मळ्याकडं गेले, आणि दिवस कलल्यावर परत आले. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. मुलाकडच्यांनी भावाचं विचारलं तेव्हा अप्पांनीच सांगितलं, होता, गेला, माझ्याकडनंच असेल. ती माणसं उठून गेली नाहीत.

पण त्या दुपारी आई रडली ती अप्पांच्या बोलण्यावर नाही. ती पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली होती. मग तिनं ताईला विचारलं, "ते रोप कुठंय आता?"

ताई म्हणाली, मुळाचं टोकच कापतात, रोप राहतं. कॉलेजच्या मागं कुंडीत लावलंय. एवढंसं आहे.

"पानी कोण घालतं?"

"मीच घालते."

"रोज घालीत जा," आई म्हणाली, आणि रडायला लागली. ताईनं तिचे पिठाचे हात धरले. आई तशीच रडत ताईला सांगत राहिली की उन्हाचं आत घेत जा त्याला, थंडीत बाहेर ठेवू नको, असल्याला लवकर गारठा बाधतो.